पत्रा कापायची कात्री: घरच्या कामासाठी कुठली घ्यावी, कशी पारखावी

मे महिना अर्धा सरला की गोव्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. ताडपत्री, पत्र्याचे स्क्रू, रबरी वॉशर, सीलंटच्या नळ्या. पाऊस यायच्या आत गळकी पन्हळ, विहिरीवरच्या पंपाची टोपी, गोठ्याचं छप्पर, सगळं उरकायचं असतं. त्या गर्दीत कुणीतरी म्हणतं, "एक टिन कटर द्या." दुकानदार विचारतो, "दहा इंची की बारा इंची?" आणि गिऱ्हाईक हमखास सांगतं, "मोठा द्या, मोठा."

मीही पहिली कात्री अशीच घेतली. बारा इंची, सरळ पात्यांची, हातात धरली की कारागीर झाल्यासारखं वाटावं अशी. पन्हळीचा पत्रा तिने सुरेख कापला. मग त्याच पन्हळीला पाण्याचा पाइप बसवायला गोल भोक पाडायला घेतलं, तर गोलाचा बटाटा झाला आणि भोवतीचा पत्रा चुरगळला तो वेगळाच. कात्रीत खोट नव्हती. इंच हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न होता, मी तो पहिला विचारला. आधी विचारायचं ते असं: पत्रा कुठल्या धातूचा, किती जाड, आणि काप सरळ, वळणाचा की पत्र्याच्या पोटातला.

आधी घरातला पत्रा मोजा

दुकानात जाण्यापूर्वी घरातले तुकडे गोळा करा आणि व्हर्निअर कॅलिपरने जाडी मोजा. साधा प्लास्टिकचा कॅलिपरही अंदाजापुरता चालतो. आपल्याकडे पत्रा गेजवर विकला जातो आणि गेजचा हिशेब उलटा: आकडा वाढला की पत्रा पातळ. 18 गेज म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर, 20 गेज 0.9, 22 गेज 0.7, 24 गेज 0.56, 26 गेज 0.46 आणि 28 गेज 0.38. पन्हळीला, पंपाच्या टोपीला, माडावर उंदीर चढू नये म्हणून खोडाला गुंडाळतात त्या पट्ट्याला, अशा कामांना 24 ते 28 गेजचा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, पत्रा पुरतो. खाद्यतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा याहून पातळ असतो.

चांगल्या कात्रीच्या वेष्टनावर तिची कुवत लिहिलेली असते. घरगुती वापराच्या एव्हिएशन कात्रीची (रंगीत मुठींची, अनेक सांध्यांची; तिच्याविषयी पुढे येईलच) कुवत साधारणपणे साध्या पोलादासाठी 18 गेज आणि स्टेनलेससाठी 22 गेज अशी असते. स्टेनलेसचा आकडा वेगळा का, तर तो चिवट असतो आणि कापताना आणखी कडक होत जातो. वेष्टनावर एकच आकडा असेल तर तो साध्या पोलादाचा समजा आणि स्टेनलेसला चार गेज पातळ धरा. ही कुवत म्हणजे कात्रीची शेवटची हद्द. दिवसभर हद्दीवर काम केलंत तर संध्याकाळी जेवताना घास उचलवणार नाही. माझा हिशेब असा: कात्री 1.2 मिलिमीटरची असेल तर रोजचं काम 0.6 च्या आतलं ठेवायचं.

अॅल्युमिनियम, तांबं आणि पितळ मऊ, त्यामुळे थोडी जास्त जाडी चालते. अॅल्युमिनियमचा कीस मात्र पात्याच्या दातांत चिकटून बसतो, तो ब्रशने काढत राहावा लागतो.

एक पत्रा मात्र फसवा आहे. हल्ली कौलं उतरवून, किंवा कौलांवरूनच, निळे-लाल रंगीत पत्रे घालतात. त्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणून वाटतं सहज कापेल. पण छपराच्या पत्र्यांत उच्च ताकदीचं पोलाद सर्रास वापरतात, ज्याची ताकद 550 मेगापास्कलपर्यंत जाते. साधा मऊ जीआय पत्रा त्याच्या निम्म्यावरच राहतो. म्हणजे जाडी तीच, पण मुठीवर जोर जवळपास दुप्पट. असे पत्रे कापायचे असतील तर दुकानात न्यायच्या तुकड्यांत त्यांचा एक हवाच.

ग्राइंडर आहे, मग कात्री कशाला?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि आमच्या हवेत त्याचं उत्तर सोपं आहे. ग्राइंडरची चकती पत्रा जाळत कापते. कडेचा जस्ताचा थर आणि रंग दोन्ही जळून जातात, आणि ठिणग्यांचा तापलेला कीस शेजारच्या रंगात रुतून बसतो. पहिल्या पावसानंतर नव्याकोऱ्या छपरावर तांबूस ठिपके दिसू लागतात ते याचेच. कात्रीने कापलेल्या कडेला जस्त शाबूत असतं. पातळ पत्र्याच्या उघड्या कडेवर ते शेजारच्या लोखंडाआधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो, तिथे हा फरक मोठा.

जाताजाता, अशा पत्र्यांवर पेन्सिलीने खुणा करू नका. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ओलाव्यात जस्त-अॅल्युमिनियमच्या थराला खातं. मार्कर वापरा.

कात्रीची हद्दही सांगतो. वेष्टनावरच्या कुवतीहून जाड पत्रा, लोखंडी पट्टी, सळई, खिळा, स्क्रू, घड्याळाची किंवा शटरची स्प्रिंग, यांतलं काहीही तिच्या तोंडात द्यायचं नाही. आणि दहा फूट लांब पत्रे मापात हवे असतील तर विकत घेतानाच कापून मागा.

कात्र्यांचे प्रकार

जुनी साधी पत्रा कात्री म्हणजे कापडाच्या कात्रीची थोरली बहीण: एकच बोल्ट, लांब दांडे, अडीच-तीन इंचांची गुळगुळीत पाती. पातं लांब असल्यामुळे एका दाबात लांब काप जातो आणि कड स्वच्छ येते, दातांचे ठसे उमटत नाहीत. पितळेच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर शोभेचं काम करायचं असेल तर हीच. मात्र जोर सगळा तुमच्या मनगटाचा, आणि वळण घेणं तिच्या स्वभावात नाही. हिचाच एक भाऊ बाकदार पात्यांचा असतो, तो मोठ्या गोलाईला वळतो. तिसरा आखूड तोंडाचा आणि लांब दांड्यांचा, जाड पत्रा आणि दुमडलेल्या शिवणी कापायला. तो घरी क्वचित लागतो.

एव्हिएशन कात्री हे दुसरं घराणं. विमानाच्या अंगाचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापण्यासाठी ती घडली, नाव त्यावरूनच. तिच्यात एकाऐवजी अनेक सांधे असतात, त्यामुळे मुठीचा जोर कितीतरी पटींनी वाढून पात्याला मिळतो. बदल्यात तोंड कमी उघडतं आणि पातं जेमतेम दीड इंचाचं, म्हणजे फुटभर कापायला बरेच दाब द्यावे लागतात. पात्यांवर बारीक दात असतात. ते पत्रा घसरू देत नाहीत, पण कडेवर ठसे सोडतात. पन्हळीला कोण बघतं ते ठसे! देवघराच्या पितळी पत्र्यावर मात्र ते सलतात.

तीन पात्यांची कात्रीही मिळते. ती मधली बारीक पट्टी सोलत जाते आणि दोन्ही बाजूंचा पत्रा सपाट ठेवते. गोल डक्ट किंवा पत्र्याचा पाइप कापणाऱ्याला तिची गरज, बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

लाल, हिरवी, पिवळी

एव्हिएशन कात्रीच्या मुठींचे रंग सजावटीसाठी नसतात. लाल कात्री सरळ आणि डावीकडे वळत कापते, हिरवी सरळ आणि उजवीकडे, पिवळी सरळ आणि मोठ्या वळणांना. लक्षात ठेवायला आम्हा गोव्याच्या लोकांना वेगळं काही पाठ करायला नको. संध्याकाळी पणजीच्या काठावर उभं राहून मांडवीतून जाणारी बार्ज पाहा: तिच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. कात्रीचाही नेम तोच.

इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. डावखुऱ्याने लाल घ्यायची आणि उजव्याने हिरवी, असं दुकानदारही सांगतात. रंगाचा संबंध तुमच्या हाताशी नाही, कापाच्या वळणाशी आहे. डावखुऱ्या माणसालाही डावं वळण घ्यायला लालच लागते.

असे वेगवेगळे प्रकार का लागतात, तर पत्रा कापडासारखा बाजूला होत नाही. कापताना एका बाजूचा पत्रा सपाट राहतो आणि दुसऱ्या बाजूचा पात्याबरोबर वळत जातो. ज्या दिशेला कात्री वळायला बनली आहे, त्या दिशेला वळताना हा पत्रा वाटेतून आपसूक बाजूला होतो. उलट वळवलीत तर तो पात्याला अडतो आणि तुम्ही जोर लावत बसता. माझ्या बटाट्याचं कारण हेच.

याच रंगांत पुढचं तोंड वाकवून मूठ वर उचललेली, म्हणजे ऑफसेट कात्रीही मिळते. लांब कापाला ती फार सुखाची, कारण हात पत्र्याच्या वर राहतो आणि ताजी कापलेली कड बोटांच्या सांध्यांना लागत नाही. साधी आणि ऑफसेट यांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर मी डोळे मिटून ऑफसेट घेईन.

दुकानात पारख

सकाळी जा. एक वाजला की शटर खाली येतं आणि तीन-साडेतीनशिवाय वर जात नाही, आणि बंद करण्याच्या घाईतला दुकानदार कात्री तपासू देत नाही. खिशात आपले दोन-तीन तुकडे जाड कागदात गुंडाळून न्या.

पहिल्यांदा कात्री मिटून उजेडासमोर धरा. पाती टोकापर्यंत एकमेकांना घासून आली पाहिजेत, टोकाशी फट दिसली तर ठेवून द्या. मग बोल्टपाशी पाती आडवी हलवून पाहा. डुगडुग असेल तर पातळ पत्रा कापण्याऐवजी दोन पात्यांच्या मधे दुमडून बसतो. नव्या कात्रीतच अशी फट असेल तर बोल्ट आवळून ती किती दिवस जाणार?

त्यानंतर आपला तुकडा कापा, तोही पात्याच्या टोकाने. बोल्टजवळ कुठलीही कात्री कापते, टोकाशी कापते ती खरी. टोकाने पातळ पत्रा स्वच्छ तुटला आणि कडेला टोचणारी कूस आली नाही, तर निम्मी परीक्षा पास.

मूठ पूर्ण मिटल्यावर दोन दांड्यांमधे बोट मावेल एवढी जागा उरते का पाहा. जुन्या धाटणीच्या काही कात्र्यांत ती नसते आणि शेवटच्या दाबाला तळव्याची कातडी चिमटते. एकदा चिमटली की जन्मभर आठवते. उलट, कात्री पूर्ण उघडल्यावर बाहेरच्या दांड्यापर्यंत तुमची बोटं नीट पोचली पाहिजेत. घरात दोघं-तिघं वापरणार असाल तर सगळ्यात लहान पंजाच्या माणसाला बरोबर न्या. दहा इंची कात्री बहुतेकांना पुरते. बारा-चौदा इंची कात्रीत जोर मिळतो, पण ती डोक्यावर धरून पन्हळ कापताना खांदा भरून येतो. लॉक एका अंगठ्याने लागतो आणि सुटतो का, तेही बघा.

पातं कशाचं हे विचारा. क्रोम-मॉलिब्डेनम किंवा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचं, घडीव असेल तर उत्तम. नुसतं "हाय क्वालिटी स्टील" लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. नाशिकच्या टपारियासारख्या नेहमीच्या नावाची कात्री घेतली तर निदान वेष्टनावरच्या कुवतीवर भरवसा ठेवता येतो. मी एकदा तीन रंगांचा स्वस्त संच ऑनलाइन मागवला होता. तिसऱ्या आठवड्यात हिरवीचा दात तुटला, आणि तोही तेलाच्या डब्यावर.

मग नेमकी कुठली घ्यायची?

तिघींचा संच एकदम घेऊ नका. पहिली पिवळी घ्या, जमली तर ऑफसेट. पट्टे, पन्हळी, चौकोनी झाकणं, घरातली बहुतेक कामं सरळ कापाचीच असतात. वळणाचं पहिलं खरं काम समोर आलं की लाल घ्या. उजव्या हाताने काम करणाऱ्याला गोल तबकडी घड्याळाच्या उलट दिशेने कापत जाणं सोपं जातं असा माझा अनुभव आहे, आणि तो काप लालचा. हिरवी तेव्हाच, जेव्हा पत्रा छपरावर आधीच ठोकलेला आहे आणि तो फिरवून घेता येत नाही. मोकळा तुकडा असेल तर उलटा करा, लालच पुरते. पितळ-तांब्याची आवड असेल तर एक जुन्या धाटणीची गुळगुळीत पात्यांची कात्री वेगळी ठेवा आणि तिला लोखंड दाखवू नका.

पहिला सराव: तेलाचा डबा

रिकामा डबा धुऊन पुसून घ्या. चामड्याचे हातमोजे, चष्मा आणि बंद बूट आधी, मग कात्री. चपलेवर काम करताना खाली पडलेली पत्र्याची पट्टी पायात शिरते, आणि दुपार टिटॅनसच्या इंजेक्शनसाठी आरोग्य केंद्राच्या बाकावर जाते.

डब्याच्या कडेची शिवण पदरांची असते, तिथे कात्री घालू नका. शिवणीच्या आत ड्रिलने भोक पाडून सुरुवात करा आणि चारी बाजू सुट्या करा. सपाट तुकड्यावर सरळ रेघ मारा. पत्रा पात्यांच्या मुळापर्यंत, बोल्टजवळ न्या, कारण जोर तिथे जास्त मिळतो. आता दाबा, पण पाती पूर्ण मिटू देऊ नका. तीन-चतुर्थांश मिटली की उघडा, पुढे सरका, पुन्हा दाबा. दर वेळी टोकापर्यंत मिटवलीत तर प्रत्येक दाबाच्या शेवटी एक बारीक फाट पडते, तीच नंतर बोटात घुसते. एवढी एक सवय लागली तरी कड निम्म्याने सुधारते.

मग एक गोल आखा. रेघेवर लगेच कापायला जाऊ नका. आधी चार-पाच मिलिमीटर बाहेरून ओबडधोबड कापून घ्या आणि दुसऱ्या फेरीत रेघेवर या. बाहेरची पट्टी आता अरुंद असल्यामुळे ती सहज गुंडाळली जाते आणि तबकडी सपाट राहते. तुमच्या कात्रीत कुठल्या बाजूचा पत्रा वळतो हेही याच डब्यावर पाहून ठेवा. कामाचा तुकडा नेहमी सपाट राहणाऱ्या बाजूला हवा.

पोटातलं भोक, म्हणजे माझा बटाटा, आता जमेल. मधोमध कात्रीचं टोक शिरेल एवढं भोक पाडा आणि तिथून गोगलगायीच्या शंखासारखं फिरत फिरत रेघेपर्यंत या. लाल असेल तर डावीकडे फिरत. रेघेवर पोचल्यावर शेवटची फेरी हळू. पाइप घट्ट बसावा म्हणून भोक दोन मिलिमीटर लहान ठेवायचं आणि कानशीने वाढवायचं.

डब्याचा एखादा तुकडा उरलाच तर नरसाळं करून पाहा. मोठं अर्धवर्तुळ आखायचं, मधे तोटीसाठी लहान अर्धवर्तुळ, आणि जोडाला एक सेंटिमीटर पदर सोडायचा. सरळ काप, मोठं वळण आणि आखूड वळण, तिन्ही एकाच वस्तूत येतात.

नाळीदार पत्रा लांबीच्या दिशेने कापायचा तर दोन नाळींमधल्या सपाट भागातून जा, लोण्यासारखा कापला जातो. आडवा कापणं कष्टाचं. प्रत्येक चढाला कात्रीचं तोंड वर वळवावं लागतं, आणि ऑफसेट नसेल तर मनगट बोलू लागतं.

कापून झालं की कडेवरून बारीक कानस एकदा फिरवा. लहान मुलांचा हात लागेल अशी कड असेल तर सहा मिलिमीटर आत दुमडून ठोकून घ्या. दुमडलेली कड कापत नाही आणि पत्र्याला ताठपणाही येतो. स्टेनलेस कापण्याआधी पाती स्वच्छ पुसा. पात्यावरचे लोखंडाचे कण स्टेनलेसच्या कडेला चिकटले की तिथे गंजाचे डाग उठतात, आणि दोष बिचाऱ्या स्टेनलेसला जातो.

पावसाळ्यात कात्री जपणं

जून ते सप्टेंबर हत्यारांचे हाल असतात. काम संपलं की पाती कोरड्या फडक्याने पुसा, सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, चार वेळा उघडमीट करा, जास्तीचं तेल पुसून टाका. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल लावणारे बरेच आहेत. ते धूळ धरतं आणि सांध्यात चिकटा होतो. कात्री भिंतीला टांगू नका, आमच्या भिंती पावसात घाम गाळतात. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, लॉक लावून ठेवा.

गुळगुळीत पातं बोथट झालं तर घरी धार लावता येते. बारीक कानस घ्या आणि फक्त उतरत्या कडेवर, कारखान्यात दिलेल्या कोनातच, एकाच दिशेने फिरवा. दोन पाती जिथे एकमेकांना घासतात त्या सपाट बाजूला कानस लावलीत की कात्री कायमची गेली, कारण तिथे पडलेली फट भरून येत नाही. दातेरी पात्यांच्या वाटेला घरी जाऊ नये. त्यांचे दात झिजले की ती कात्री तेलाच्या डब्यांपुरती ठेवायची आणि पन्हळीसाठी नवी आणायची, शक्यतो मे महिन्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी.